पिवळी सांडणी

“तुमचीच होती ती, दाजी,” अन्सेल्मो म्हणाला. “ह्या डोळ्यांनी पाहिली.”

तो बाजेवर उताणा पडला होता आणि त्याची बहीण चोना त्याच्या मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून वरून चिंध्या आवळत होती. प्रत्येक आवळणीला अन्सेल्मोचं तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण बोलणं थांबत नव्हतं. उभा जन्म खेचरं हाकण्यात गेलेल्या माणसाला दुखण्यापेक्षा मुकं राहणं जड जातं.

“खिंडीच्या वळणावर उभी होती. मान वर करून. जसा काही रस्ता तिच्या बापाचा. माझ्या पुढच्या जोडीनं तिला पाहिलं न् झालं. सगळी खेचरं एकदम उधळली. गाडी गेली ओढ्यात, न् गाडीखाली मी.”

दुरमुश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कपाळावरची टोपी त्याने मागे सरकवली.

“तिला काही लागलं का?” त्याने विचारलं.

चोनाचे हात थांबले. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

“ऐकलंस?” ती म्हणाली. “माझ्या भावाचा पाय मोडलाय, न् ह्याला सवतीचा घोर लागलाय.”

अन्सेल्मोला हसू आलं. हसताना पाय दुखला, म्हणून तो कण्हला, आणि कण्हून झाल्यावर पुन्हा हसला. दुरमुश मात्र हसला नाही. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. तो आत आला, मेव्हण्याच्या उशाशी बसला आणि त्याच्या कपाळावरचा घाम बाहीने टिपू लागला.

पोसो सेको हे अमेरिकेच्या वाळवंटी मुलखातलं, हीला नदीच्या दक्षिणेचं गाव. तिथल्या प्रत्येकाला पिवळी ठाऊक होती. मालवाहतुकीच्या गाड्या हाकणारे तिला शिव्या घालत, बायका मुलांना तिचं भय घालत, आणि एकटा दुरमुश तिला नावाने ओळखत असे. तिचं खरं नाव सारीकिझ. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ पिवळी पोर. गावकऱ्यांच्या जिभेला ते पेलेना, म्हणून ती नुसती पिवळी झाली. तसा तोही कुठे दुरमुश राहिला होता? गोऱ्या लोकांसाठी तो ‘जो’ होता, मेक्सिकन लोकांसाठी ‘तुर्को’, म्हणजे तुर्क. खरं नाव घेऊन हाक मारणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

दुपारी पार्डी आला. तो गाड्यांच्या कंपनीचा मुकादम. माणूस वाईट नव्हता. दारातच त्याने टोपी काढली, अन्सेल्मोची विचारपूस केली, आणि मग दुरमुशला बाहेर मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या सावलीत घेऊन गेला.

“जो, मी भांडायला नाही आलोय.”

“कळतंय मला.”

“रविवारी पोरं बंदुका घेऊन निघणार आहेत. मी अडवलं तरी निघतील. गेल्या उन्हाळ्यात एक गाडी गेली, आता ही. अन्सेल्मोचा पायच गेला, उद्या कुणाचा जीव जाईल.” पार्डीने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “तू बरोबर चल. ते जनावर दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नाही. तू हाक मारलीस की येईल.”

“म्हणजे हाक मी मारायची, न् गोळी तुम्ही घालायची.”

“एका गोळीत सुटेल ती. तू नसलास तर दहा जण लांबून दहा ठिकाणी मारतील, न् कुठंतरी झुडपात चार दिवस तडफडत पडेल. कसं मरावं तिनं, ते तू ठरव. मरायचं तर ठरलंच आहे.”

दुरमुशने पायाखालची एक वाळकी शेंग उचलली आणि बोटांनी मोडली. पार्डीचं बोलणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं. तो म्हणाला, “रविवारपर्यंत मला वेळ दे. तिला ह्या मुलखातूनच काढतो.”

“कुठं नेणार?”

“ते बघतो.”

पार्डी गेल्यावर तो तिथेच बसून राहिला. चोना हात धुवायला बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. त्या घराच्या भिंती जाड मातीच्या होत्या खऱ्या, पण चोनाचे कान त्याहून तयार होते.

“स्टेशनाच्या भिंतीवर कागद डकवलेत,” हातांवर पाणी ओतत ती म्हणाली. “नदीकाठच्या गावात सर्कस उतरलीये. चित्रात उंट आहेत.”

“मग?”

“मग काय मग? त्यांना उंट लागतात, तुला तिला जगवायचीये. एवढं तर माझ्या मेलेल्या आजीलाही कळेल.” तिने हात परकराला पुसले. मग त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाली, “न् ती सर्कस आगगाडीनं पार समुद्रापर्यंत जाते म्हणे. तुझ्या समुद्रापर्यंत.”

त्याने मान वर करेपर्यंत ती घरात गेली होती.

त्याचा समुद्र म्हणजे तुर्कस्तानातल्या इझमीरचा. पण त्या समुद्राशी त्याचा संबंध एका दिवसापुरताच आला होता. तो डोंगरातला. त्याचे लोक हिवाळ्यात सपाटीवर उतरत आणि उन्हाळा लागला की उंटांवर काळे तंबू लादून मुरात डोंगर चढू लागत. ओठावर मिसरूड फुटत होतं, तेव्हा इझमीरच्या बंदरात अमेरिकेचं एक गलबत उंट खरेदी करायला आलं. त्यांच्या देशात म्हणे एक वाळवंट होतं, आणि फौजेचं सामान त्यातून पलीकडे न्यायचं होतं. उंट घेतले तशी उंटांना समजणारी माणसंही घेतली. एका वर्षाचा करार. आई रडू लागली तेव्हा तो म्हणाला होता, “पुढच्या खेपेला तंबू डोंगर चढतील, तेव्हा पुढचा उंट मीच धरलेला असेल.” आईने त्याच्या पाठीमागे वाटेवर घडाभर पाणी ओतलं. गेलेला माणूस पाण्यासारखा वाहत परत यावा, म्हणून त्यांच्यात असं ओततात.

गलबतावर त्याच्या वाट्याला पिवळी आली. वयाने लहान, अंगाने किडकिडीत. वादळात बाकीचे उंट दोरांनी बांधून बसवावे लागत. ही मात्र त्याच्या मांडीवर मान टाकून पडून राही आणि तो तिच्या कानात डोंगराची नावं सांगत बसे. कुणाची भीती कोण घालवत होतं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

उंटांनी या मुलखात नाव काढलं. जिथे घोडे तहानेने कोसळत तिथे ते ओझी घेऊन चालत, ज्या काटेरी झुडपाला गाढव तोंड लावत नाही ते चघळत. पण शिपायांना त्यांचा वास सोसवेना आणि खेचरांना त्यांची सावली. पुढे गोऱ्या लोकांची आपापसात लढाई जुंपली आणि उंटांची कुणाला आठवण उरली नाही. परत न्यायचं वचन ज्या साहेबांनी दिलं होतं ते कुठच्या कुठे गेले. उंट विकले गेले. बाकीचे उंटवालेही एकेक करून पांगले. कुणी सोनं शोधायला गेला, कुणी तापाने मेला. दुरमुशने थकलेल्या पगाराऐवजी पिवळी मागून घेतली आणि चांदीच्या खाणीवर पाणी वाहू लागला.

ते पाणी तो चोनाच्या बापाच्या विहिरीवर भरायचा. पहिल्या दिवशी सगळे त्याला हसले. उंटाला हसले, त्याच्या विजारीला हसले, त्याच्या मोडक्या बोलण्याला हसले. चोना हसली नाही. तिने विचारलं, “हिला प्यायला किती लागतं?” तो म्हणाला, “आठवड्यातून एकदा, पण तुमची विहीर जाईल.” मग ती हसली. पुढे पाद्रीबाबांनी त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, वहीत त्याचं नाव खोसे लिहिलं, आणि लग्न लागलं.

लग्नानंतर चोनाने एकच गोष्ट बजावली होती. मुलगी झाली, चायो, आणि तिला जोजवताना तो आपल्या भाषेत गुणगुणू लागला, तेव्हा ती म्हणाली होती, “घरात ती उंटाची भाषा नको. पोरीला उंटिणीची पोर म्हणून चिडवतील.” त्याला राग आला नव्हता. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हापासून त्या भाषेला घरात जागा उरली नाही, आणि तो ती गोठ्यात बोलू लागला. पिवळी ऐकायची. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची, आणि बाकी जे काय तो बोले ते रवंथ करत ऐकून घ्यायची. साऱ्या मुलखात त्याचं बोलणं समजणारी ती एकटी.

मग रेल्वे आली. खाणीवर नळ गेला. रस्ते खेचरांच्या गाड्यांनी भरले आणि गावाने ठरवलं की उंट रस्त्यावर नको. त्याने तिला लांब डोंगरात नेऊन सोडलं. ती परत आली. पुन्हा नेलं, पुन्हा आली. शेवटच्या वेळी त्याने तिला दगड मारले. पहिले दोन दगड तिला समजलेच नाहीत. तिसरा तोंडावर बसला, तेव्हा ती थांबली, आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहून वळली. त्यालाही आता वर्षं उलटली होती. चायो लग्न होऊन तुसॉनला गेली होती. गोठ्यात शेळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तो निघाला. चोनाने गाठोडं बांधून ठेवलं होतं. ते उघडून न बघताच त्याने पाठीला लावलं. ती दारात उभी होती.

“पाणी जपून पी,” ती म्हणाली. आणखी काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, पण आतून अन्सेल्मोने हाक मारली आणि ती वळली.

खिंडीपाशी त्याला माग सापडला. रुंद, मऊ पाऊल, वाळूवर भाकरी थापावी तसं. माग दक्षिणेकडच्या उघड्या टेकड्यांत गेला होता. दिवसभर तो त्यावरून चालला. डावा मागचा पाय ती ओढत होती, एवढं त्याला ठशांवरून कळलं. संध्याकाळी एका कोरड्या नाल्यात उभा राहून त्याने हाक मारली. आपलाच आवाज त्याला परका वाटला. इतक्या वर्षांत ती भाषा मोठ्याने अशी बोलली गेलीच नव्हती. उत्तर आलं नाही. सकाळी पुन्हा हाक मारली. मनात एकच होतं: दगड तिच्या ध्यानात असतील. उंट विसरत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

ऊन चढलं तेव्हा ती आली. निवडुंगांच्या आडून आधी मान दिसली, मग सगळी ती. वशिंड एका बाजूला कलंडलेलं, अंगावरची लोकर झडून कातडीचे चट्टे उघडे पडलेले, मांडीवर गोळीची जुनी खूण. गळ्यात कुणीतरी कधीतरी टाकलेला फास तसाच होता आणि मांसात रुतला होता. दहा पावलांवर येऊन ती थांबली.

तो जागचा हलला नाही. टोपी काढून त्याने दोन्ही हात मोकळे दाखवले. दगड नाही, हे दाखवावं तसे. मग तो खाली बसला. तिच्यापुढे उभं राहण्याचं त्याला धाडस होईना. बऱ्याच वेळाने तिचा गरम, आंबूस श्वास त्याच्या टकलावर आला. तिने टोपीचा वास घेतला, टोपीची कड चावून पाहिली, आणि मग कुणी न सांगता, आधी पुढचे गुडघे, मग मागचे, अशी कण्हत त्याच्या शेजारी बसली.

दुरमुशने चाकू काढून फास कापला. तो खोल रुतला होता म्हणून वेळ लागला. तिने मान हलवली नाही.

नदीकाठच्या गावापर्यंत दोन दिवसांची वाट होती. तो तिच्यावर बसला नाही, तिच्या मानेशी चालला, आणि चालताना बोलत राहिला. मुरात डोंगराचे झरे त्याने एकेक करून सांगितले. आईच्या तंबूची दिशा सांगितली, काकांची भांडणं सांगितली, कुठल्या उताराला कुठल्या उंटाचा पाय घसरला होता ते सांगितलं. पहिला दिवस त्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा सुरुवात केली आणि बघतो तर सांगायचं संपलेलं. मिसरूड फुटेपर्यंत जेवढं बघितलं होतं तेवढंच. मग तो चायोच्या लग्नाचं बोलला. विहिरीचं पाणी दोन उन्हाळे कसं आटलं, चोनाने भिंत स्वतः कशी लिंपली, अन्सेल्मो दारू पिऊन चर्चच्या दारात कसा झोपला, हे सगळं बोलला. बोलताना भिंतीला आपल्याकडे काय म्हणतात हे त्याला आठवेना. तंबूत राहणाऱ्यांना तो शब्द कितीसा लागतो? त्याने चोनाचाच शब्द वापरला. पिवळीने तोही ऐकून घेतला.

सर्कशीचे डबे स्टेशनाबाहेरच्या रुळांवर उभे होते. उंटांकडचा माणूस त्याला पाहून पुढे आला. जाड मिशा, पोटावर लाल पट्टा. त्याने पिवळीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दुरमुशला न्याहाळलं, आणि तुर्कीत म्हणाला, “कुठला रे तू, चाचा?”

बाकीचे उंटवाले पांगल्यापासून पिवळीखेरीज कुणाशी दुरमुश ती भाषा बोलला नव्हता, आणि पिवळीने कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं.

“मुरात डोंगराकडचा,” शेवटी तो म्हणाला.

“मी इझमीरचा. स्टावरो.” तो ग्रीक होता, पण तुर्की त्याच्या तोंडात साखरेसारखी विरघळत होती. “ये, बस. कॉफी घे. किती दिवस झाले इथं?”

“पोरगा होतो.”

“न् आता?”

“आता बघतोयस की.”

स्टावरो हसला. कॉफी काळी होती, खाली गाळ होता, हवी होती तशीच. दुरमुश विचारत सुटला. उंटांच्या तांड्यांचा तो पूल अजून आहे का? आहे. अंजिरांच्या दिवसांत उंटांच्या घंटा ऐकू येतात का? येतात, पण कमी. आगगाडी आलीये तिकडेही, बराच माल तीच नेते. आणि डोंगर चढणारे लोक?

“सरकार त्यांना घरं बांधायला लावतंय,” स्टावरो म्हणाला. “काही बसले. काही अजून चढतात. हट्टी जात तुमची.”

दुरमुशने पेला दोन्ही हातांनी धरला होता.

“चल की आमच्याबरोबर,” स्टावरो म्हणाला. “म्हातारीला माझं ऐकायची सवय होईपर्यंत तू लागशीलच. उन्हाळ्यात आम्ही न्यूयॉर्कला. तिथनं इझमीरला बोटी सुटतात. घरी बायको आहे?”

“आहे. गाठोडं तिनंच बांधून दिलंय.”

“बघू तरी काय दिलंय,” म्हणत स्टावरोने खाऊच्या आशेने गाठ सोडली. वर भाजलेल्या मक्याचं पीठ आणि सुकवलेलं मांस होतं. खाली लग्नातला काळा कोट होता. नव्या बुटांचा जोड होता, लोकरीची बंडी होती, आणि चायोच्या बाळपणीचं एक टोपरं. दुरमुश त्या कपड्यांकडे पाहत राहिला. या मुलखात बंडी लागेल असा गारठा क्वचितच पडे. चोनाने परत येणाऱ्या माणसाची शिदोरी बांधलीच नव्हती.

“शहाणी बाई आहे,” स्टावरो म्हणाला.

मालक येऊन पिवळीचे दात बघून गेला. म्हातारी आहे, पण म्हातारा उंट लहान मुलांना पाठीवर घ्यायला बरा, असं त्याचं मत पडलं. किमतीची गोष्ट निघाली तेव्हा दुरमुश म्हणाला, “विकत नाही. सांभाळायला देतोय.” मालकाला त्यातला फरक कळला नाही, पण त्याचा त्यात तोटा नव्हता.

पिवळी डब्यात चढेना. फळीवर पाय ठेवी आणि मागे घेई. स्टावरोने शहरी उच्चारात तिला दटावलं, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग दुरमुश पुढे झाला, आत जाऊन गवतावर उभा राहिला आणि घशातून एक आवाज काढला, त्याच्या बापाने काढला असता तसा. ती चढली. त्याच्या पायाशी बसली. तोही तिच्या अंगाला टेकून बसला. पलीकडे फळ्यांच्या आडोशाआड सर्कशीचे दोन उंट होते. गाठोडं त्याच्या मांडीवर होतं. गाडी सुटायला अवकाश होता, आणि उठायचं काही कारण त्याला दिसत नव्हतं.

स्टावरो दारात पाय सोडून बसला. “सांग ना तुझ्या तंबूंचं. माझी आई म्हणायची, तुमची भाकरी फार चांगली.”

“संध्याकाळी,” दुरमुशने डोळे मिटले, “धूर वर जात नाही, आडवा पसरतो. शेळ्या उतारावरून येतात. चुलीवर तवा उलटा असतो, त्याच्यावर भाकरी. पीठ सगळ्या हाताला लागलेलं. न् मी मुद्दाम उशीर करतो. मग ती ओरडते, गार झाल्यावर खाणारेस का, म्हाताऱ्या…”

तो थांबला.

“आई म्हातारा म्हणायची तुला?” स्टावरोने हसून विचारलं.

दुरमुशने डोळे उघडले. डब्याच्या फटींतून ऊन गवतावर पडलं होतं. ते शेवटचे शब्द त्याने तुर्कीत म्हटलेच नव्हते, चोनाच्या भाषेत म्हटले होते. तो धूर मेस्कीटच्या लाकडाचा होता. आईचा आवाज त्याने पुष्कळ आठवून पाहिला. आईचे हात आठवले, पाणी ओतणारे. आवाज आला नाही.

“नाही,” तो म्हणाला. “आई नाही.”

तो उठला. स्टावरोला त्याने बसवायचा, उठवायचा आणि धीर देण्याचा आवाज शिकवला. स्टावरोने तो दोन-तीनदा काढून पाहिला, शेवटी जमला. गळ्याच्या जखमेवर मेंढीची चरबी लाव, म्हणाला. पाठीवर मुलं बसवा, पण जाड माणूस नको. मग पिवळीच्या गळ्यावरच्या वळावर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. दोन दिवस बोललाच होता.

गाडी हलली तेव्हा त्याला वाटलं होतं, ती ओरडेल. उंटिणीचं ओरडणं कोसभर ऐकू जातं, आणि त्यासाठी त्याने मन घट्ट केलं होतं. पण पलीकडच्या उंटाने आडोशावरून मान घातली होती. पिवळीने वळून त्याचा वास घेतला, खोलवर, पुन्हा पुन्हा. किती वर्षांत तिने दुसरा उंट पाहिला नव्हता. डबा दिसेनासा होईपर्यंत ती तिकडेच तोंड करून होती.

तो घरी पोचला तेव्हा चोना अंगणात भाकऱ्या थापत होती. तिने त्याला वाटेवर लांबूनच पाहिलं असणार, पण तो अगदी जवळ येईपर्यंत मान वर केली नाही.

“तुझा निळा सदरा फाडला मी,” ती म्हणाली. “अन्सेल्मोच्या पायाला चिंध्या कमी पडत होत्या. तू येशील असं वाटलं नव्हतं.”

“जुनाच होता.”

“चांगला होता. बाह्या चांगल्या होत्या.” तिने तव्यावर भाकरी टाकली आणि ती करपेपर्यंत उलटायला विसरली.

अन्सेल्मोचा पाय जुळला, जरा वाकडा. थंडी सरता सरता तो पुन्हा गाडीवर जाऊ लागला आणि खिंडीतलं वळण घेताना आता हात सैल सोडायला हरकत नाही, असं येऊन सांगू लागला. पार्डीने एकदा दारूची बाटली आणून दिली. गावाने पिवळीला विसरायला फार दिवस घेतले नाहीत. दुरमुश शेळ्या सांभाळी, विहिरीचा रहाट दुरुस्त करी, आणि बोलणं मुळातच कमी असलेला तो माणूस आणखी कमी बोलू लागला. गोठ्यात गेला की तिथे उगाच उभा राही आणि परत येई. चोना ते बघत होती.

एका संध्याकाळी तो घरासमोर जमिनीवर बसला होता. चोना भांडी आवरून आली आणि उंबरठ्यावर टेकली. दोघंही डोंगराकडे पाहत होते.

“ह्याला काय म्हणतात तुझ्यात?” तिने विचारलं.

“कशाला?”

“ह्या.” तिने खालच्या लाकडावर बोट आपटलं. “उंबरठ्याला.”

त्याला वाटलं, ती थट्टा करते आहे. पण तिचा चेहरा तसा नव्हता. शब्द शिकायला बसलेल्या शाळकरी मुलीसारखी ती हात मांडीवर ठेवून वाट पाहत होती. तो विचार करू लागला. त्याने बराच विचार केला.

“आमच्यात उंबरठा नव्हता,” तो म्हणाला. “तंबूला कुठला उंबरठा?”

“मग तुझी आई संध्याकाळी कशावर बसायची?”

“खाली. मातीवर.”

चोनाने मान डोलावली. तिने गुडघ्यावर हात ठेवला, चौकटीला धरून जडपणे उठली, आणि परकर सावरत त्याच्या शेजारी खाली मातीवर बसली.

“ह्याला?” जमिनीवर तळवा ठेवून तिने विचारलं.